आजार पाहुण्यांचा की पाण्याचा?

दिवाळी सरून पहाटेचा गारवा सुरू झाला, की मुंबई महानगरातील थंडीची पहिली बातमी बहुधा बदलापूरहून येते. त्याच सुमारास उल्हास नदीच्या काठावर, चिखलोली आणि भोज धरणांच्या पाण्यापाशी, अंबरनाथजवळच्या काकोळे येथील जीआयपी तलावावर गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे दिसू लागतात. शाळांच्या सहली निघतात, निवृत्त मंडळी सकाळच्या फेरफटक्याची वाट बदलतात. मग जानेवारीत कुठेतरी कोंबड्या मेल्याची बातमी येते आणि घराघरांत विचारणा सुरू होते. तळ्यावर जायचे की नाही? मुलांना न्यायचे का? ‘सैबेरियातून आलेले पक्षी’ सोबत काही रोग तर घेऊन येत नाहीत ना?

प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यापुरते त्याचे उत्तर शोधायला बसले, की बोट पक्ष्यांवरून सरकत पाण्याकडे जाते.

आधी पाहुणे कोण, ते पाहू. युरोप-आशियाच्या उत्तर भागातून आणि हिमालयापलीकडून भारतात येणारे पक्षी ज्या हवाई मार्गाने येतात, त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो सुमारे तीस देशांवरून जातो. त्यातले मोठे, छायाचित्रांत दिसणारे पाहुणे, म्हणजे बदके आणि रोहित, हे ठाणे खाडी किंवा नाशिकच्या नांदूर मधमेश्वरसारख्या जागा पसंत करतात. आपल्या या तीन शहरांकडे येणारे बहुतेक पाहुणे लहानखुरे असतात. शेपूट सतत वरखाली हलवत पाण्याच्या कडेने पळणारा धोबी, ज्याला काही जण परीट म्हणतात. दगडावर एकटाच बसून डुलणारा तुतवार. विजेच्या तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्या, गवताच्या टोकावरचा गप्पीदास, भातखाचरांवरून खालून खालून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. थंडी उतरू लागली, की थव्यांनी येणाऱ्या भोरड्या. पाहायला काही लागत नाही; साधी दुर्बीण आणि थोडा धीर पुरतो.

या पाहुण्यांवर रोगाचा संशय घेण्याची गोष्ट नवी नाही, आणि तिच्यात महाराष्ट्राचा हातही आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप आणि रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. तो रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या नात्यातला निघाला. उत्तरेतला विषाणू दक्षिणेच्या जंगलात आला कसा? संशयाची सुई स्थलांतरित पक्ष्यांवर, म्हणजे त्यांच्या अंगावर बसून येणाऱ्या गोचिडांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हजारो पक्षी पकडून, कडी घालून सोडले. भारतातले पक्षी नेमके कुठून येतात आणि कुठे जातात, याचे आपल्याकडचे बरेचसे ज्ञान त्या कामातून आले. पक्षी हा आजार घेऊन येतात, याचा थेट पुरावा मात्र हाती लागला नाही. स्थानिक गोचीड, लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यातच तो विषाणू फिरत असल्याचे दिसले. पुढे हाच ‘माकडताप’ महाराष्ट्रात सिंधुदुर्गात आला. तिथेही जंगलात जाणारी माणसे आणि तिथले गोचीड हीच त्याची वाट होती. थोडक्यात, एका साथीच्या भीतीने आपल्याला पक्षीशास्त्र दिले. आरोपी मात्र घरातलाच निघाला.

बर्ड फ्लूचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे, आणि तिथे पक्ष्यांना सरसकट निर्दोष ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. इन्फ्लुएन्झाचे विषाणू रानबदकांच्या आतड्यांत फार पूर्वीपासून राहतात. एच५एन१ हा त्यातला घातक प्रकार. भारतात तो फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत. गेल्या काही वर्षांत पसरलेली त्याची नवी शाखा रानपक्ष्यांनाही मोठ्या संख्येने मारते आणि त्यांच्यासोबत दूरवर जाते, हे जगभर दिसले आहे. म्हणजे विषाणू रानातून खुराड्यात येतो आणि खुराड्यातून रानातही जातो. कोंबड्यांची वाहतूक, अंड्यांचे ट्रे, माणसांची पादत्राणे, गाड्यांची चाके ही त्याची रोजची वाहने आहेत. पंख हे त्यातले एक.

जवळपासची उदाहरणे पाहिली तर चित्र स्पष्ट होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्या मेल्या आणि एच५एन१ निघाला. परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये रायगडमधील उरणजवळच्या चिरनेर गावात तेच झाले. दोन्ही ठिकाणी प्रादुर्भाव उघड झाला तो पाळीव कोंबड्यांत. त्याच काळात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले. मांसाहारी प्राण्यांना तो सहसा खाण्यातून गाठतो. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, मुंबई, दापोली आणि बीडमध्ये मेलेल्या कावळ्यांत हा विषाणू सापडला होता. कावळा कुठून स्थलांतर करून येत नाही. तो उकिरड्यावर, मटणाच्या दुकानामागे, मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या खड्ड्यावर जेवतो.

माणसाला किती धोका? २००३ पासून जगभरात एच५एन१ची नऊशेहून अधिक माणसे नोंदली गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. आकडा धडकी भरवणारा आहे, म्हणूनच तो नीट वाचायला हवा. निम्मे मृत्यू हे नोंद झालेल्या, म्हणजे बहुधा गंभीर झालेल्या रुग्णांतले आहेत. आणि वीस-बावीस वर्षांत साऱ्या जगात मिळून एवढेच रुग्ण नोंदले गेले आहेत. भारतातील पहिला ज्ञात मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाचा झाला. बहुतेक रुग्णांचा आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या-बदकांशी अगदी जवळचा संबंध आलेला होता. हाताळणे, कापणे, पिसे काढणे, खुराडे झाडणे. शंभर फुटांवरून दुर्बिणीने धोबी पाहणारा माणूस या साखळीत कुठे बसत नाही. नीट शिजवलेल्या चिकनमधूनही हा विषाणू येत नाही, ७० अंशांच्या वर तो टिकत नाही. ज्याला खरी काळजी घ्यायची आहे, त्याने तळ्याऐवजी मटण मार्केटच्या मागची बाजू पाहून यावी.

पक्षी मेलेले दिसले की ‘बर्ड फ्लू’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय किती फसवी ठरते, हे राजस्थानातील सांभर सरोवराने दाखवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यात स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. पहिला संशय अर्थातच बर्ड फ्लूवर. भोपाळच्या प्रयोगशाळेने तो नाकारला. कारण निघाले बोटुलिझम, म्हणजे सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत, प्राणवायू नसलेल्या चिखलात वाढणाऱ्या जिवाणूचे विष. त्या विषाने मेलेल्या पक्ष्यांवर अळ्या वाढतात, अळ्यांत विष साठते, त्या खाऊन आणखी पक्षी मरतात. पक्ष्यांना मारणारा हा प्रकार माणसाला सहसा बाधत नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. पक्षी विष घेऊन आले नव्हते, ते विष असलेल्या पाण्यावर उतरले होते.

उल्हासनगर-अंबरनाथला ही गोष्ट सांभरपेक्षा जवळची आहे. वालधुनी नदीच्या काठाने वरून खाली चालत गेले तर ती डोळ्यांनी वाचता येते. काकोळेच्या डोंगराकडून ही नदी निघते. तिथे जुन्या जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी पाणी साठवायला बांधलेला तलाव आहे. वरच्या भागात झाडी आहे, पाणी तुलनेने स्वच्छ आहे. बुडी मारून दुसरीकडे डोके काढणारी टिबुकली, मासा दिसला की सूर मारणारा खंड्या, काठावर करडा धोबी. या तिघांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे जिवंत पाणी: ज्यात प्राणवायू आहे, मासळी आहे, नितळपणामुळे शिकार दिसते. पुढे नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जाते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलाहारांचे हे मंदिर. बांधणाऱ्यांनी पवित्र मानलेल्या त्या प्रवाहाची आजची अवस्था मंदिर पाहायला आलेला पाहुणाही नाकावर रुमाल धरून सांगू शकतो. त्यानंतर उल्हासनगर. १९४९ मध्ये फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी नाव मिळालेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाख माणसे, तीही जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये. मोकळे पाणी म्हणावे तर हिराघाटचे तळे आणि ही नदी, जिला लोक नालाच म्हणतात. खंड्या आणि टिबुकली इथवर येत नाहीत. राहतात ते कावळे, घारी आणि गायबगळे.

उथळ, सांडपाण्याने माखलेल्या जागी कधीकधी शेकाट्यांचा मोठा थवा मात्र दिसतो. लांब लाल-गुलाबी पायांचा हा पक्षी छायाचित्रात देखणा येतो आणि ‘नदीवर पक्षी परतले’ अशी बातमी होते. इथे थोडे थांबायला हवे. शेकाट्या ज्या खाण्यासाठी तिथे येतो, त्यात चिखलातल्या चिलटांच्या लाल अळ्या मोठ्या प्रमाणावर असतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते, माणसाच्या रक्तात असते त्याच जातीचे. त्याच्या जोरावर त्या जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात. जिथे मासे गुदमरतात तिथे त्यांचे फावते. तेव्हा शेकाट्यांची गर्दी हे सांडपाण्याचे लक्षण असू शकते. ठाणे खाडीत लाखाच्या वर रोहित येऊ लागल्यामागेही सांडपाण्याने वाढलेले शेवाळ हे एक कारण असावे, असे अभ्यासक म्हणतात. रुग्णाचे वजन वाढले म्हणजे तब्येत सुधारली, असे डॉक्टर लगेच म्हणत नाही. अंगावर सूज आली तरी वजन वाढते.

म्हणून पक्षी किती, यापेक्षा कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा. उल्हास नदीवरही तेच. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करत येणारी ही नदी या पट्ट्यातील लाखो लोकांना पिण्याचे पाणी देते. बदलापूरच्या वरच्या अंगाला पाण्यावर नदीसुरय घिरट्या घालत मासे पकडताना दिसला, तर तो पाण्याच्या बाजूने दिलेला साक्षीदार समजावा. खाली जिथे जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तिथे सुरयला पाणीच दिसत नाही. पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तेवढ्या उरतात. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. ती काढायला यंत्रे लावली जातात, फोटो निघतात, आणि सांडपाणी येत राहिले की ती परत येते. तापावर नुसती पट्टी ठेवण्यासारखा हा उपचार आहे.

पाण्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून चोरून ओतलेल्या रासायनिक सांडपाण्यामुळे विषारी वायू पसरला आणि काठच्या वस्तीतील शेकडो लोकांना मळमळ, चक्कर, श्वास लागणे अशा तक्रारींनी रुग्णालयांत न्यावे लागले. कुठलाही स्थलांतरित पक्षी एका रात्रीत या शहरात इतके रुग्ण करू शकला नसता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, उल्हासनगरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर गदा आली. तरीही काविळीचे आणि जुलाबाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला पाण्याचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही.

पक्ष्यांशी माणसाचा संबंध खरोखर आजारकारक ठरतो तो वेगळ्याच ठिकाणी, खिडकीच्या कट्ट्यावर. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि पुढे ती घट्ट होत जातात. भारतातील १९ शहरांतल्या १०८४ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पडद्याच्या अशा आजारांत ४७ टक्के रुग्ण या ॲलर्जीच्या प्रकाराचे निघाले. सगळ्यांना कबुतरे कारणीभूत नव्हती, कूलरमधली बुरशी हेही मोठे कारण होते. पण पक्ष्यांचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला आणि दादरला रस्त्यावर वाद पेटला, तो याच कारणाने. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींच्या डक्टमध्ये आज कबुतरे बसू लागली आहेत. जाळी लावण्याची वेळ आत्ताची आहे. खाडीवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया टाकण्याचा हिवाळी छंदही याच माळेतला. मीठ आणि तळण पक्ष्यांना अपायकारक, आणि दाटीवाटीने एकत्र खाणाऱ्या थव्यात रोग पसरायला सोपे जाते. दया दाखवायची तर लांबून पाहावे.

पाहण्याचा माणसाला फायदा होतो का? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १३०० लोकांच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून पाहिले. पक्षी दिसल्या-ऐकल्यानंतर लोकांनी आपली मनःस्थिती बरी असल्याचे नोंदवले, आणि हा परिणाम काही तास टिकला. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तसेच दिसले. पक्ष्यांमुळेच असे झाले, की जिथे पक्षी तिथे झाडे, शांतता आणि चालणे असते म्हणून, हे अशा अभ्यासातून पक्के सांगता येत नाही. औषधाला पर्याय म्हणून हा छंद कुणी घेऊ नये. पण गुडघेदुखीमुळे व्यायामशाळेत न जाणारा, लोकलच्या गर्दीत अर्धे आयुष्य घालवलेला साठीचा माणूस दुर्बीण हातात आली की तासभर चालतो, हे कोणत्याही डॉक्टरला हवेच असते.

त्यात एक अडचण आहे. पहाटेची वेळ पक्ष्यांसाठी उत्तम, फुप्फुसांसाठी तितकीच वाईट. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, रात्रभराचा धूर आणि औद्योगिक वसाहतीतून सुटलेले वायू खालीच अडकून राहतात. दमेकरी, हृदयरोगी आणि लहान मुले यांनी ऊन चढल्यावर, साडेआठ-नऊला निघाले तरी चालते. धोबी आणि गप्पीदास दिवसभर असतात. काठावरच्या गवतात पूर्ण बूट आणि लांब पँट हवी, हिवाळ्यात घोणस उन्हाला बसलेली असते. उल्हासनगरच्या बाजूच्या पाण्यात पाय घालू नये, पायाला जखम असेल तर नक्कीच नाही. एखादा पक्षी मेलेला दिसला तर हात लावू नये. एकाच जागी अनेक मेलेले दिसले, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि ठिकाण व वेळ लिहून ठेवावी.

लिहून ठेवण्याची ही सवय पुढे नेता येईल. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्य सरकारने ठरवून दिला आहे. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या आणि १२ तारीख सालिम अलींच्या जन्माची. महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो. त्यात झाडांची संख्या असते, ध्वनीच्या पातळ्या असतात, पाण्याच्या नमुन्यांचे आकडे असतात. काकोळे, शिवमंदिर, उल्हासनगर आणि कल्याणची खाडी अशा चार ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी, त्याच त्या माणसांनी मोजलेले पक्षी या आकड्यांशेजारी छापायला फार खर्च येणार नाही. नमुना घ्यायला माणूस जातो त्या दिवशी नदी कधीकधी स्वच्छ असते. खंड्या तिथे महिनाभर बसलेला असतो, किंवा नसतो.